चावला नाही, शिवला नाही, मग?

प्रिय ताई,

सासऱ्यांच्या जुन्या घरातली अडगळीची खोली दोन वर्षं बंद होती. गेल्या रविवारी मी ती उघडली. एका ट्रंकेतल्या पांघरुणांत उंदरांनी घरटं केलं होतं. कापसाचे पुंजके, कागदाचे कपटे आणि जिकडेतिकडे लेंड्या. मी झाडू घेतला आणि तासाभरात खोली लख्ख केली. नाकातोंडात धूळ गेली ती गेलीच. उंदीर मात्र एकही दिसला नाही. रात्री मोबाइलवर सहज शोधायला गेले आणि हंताव्हायरस हा शब्द सापडला. तेव्हापासून झोप उडाली आहे. त्यात शुक्रवारपासून नाक गळतंय, शिंका येताहेत. नवरा हसतो. सासूबाई म्हणतात, आमचा जन्म उंदरांच्या संगतीत गेला, कुणाला काही झालं नाही. मला एवढंच सांगा, उंदीर चावला नाही, शिवला नाही, तर त्याचा आजार माणसाला होतोच कसा? शिवाय बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, ती पुढच्या महिन्यात त्याच घरात राहायला येणार. आणि मुलानं हॅम्स्टरचा हट्ट धरलाय. काय करू?

झोप उडालेली

अहो, आधी नाकाचं बघू, कारण धीर त्यानंच सुटलाय. वाहणारं नाक आणि शिंका ही हंताव्हायरसची रीत नाही. तो येतो तेव्हा ताप आणतो, अंगातलं त्राण काढून घेतो, मांड्या, कंबर, पाठ असे मोठे स्नायू ठणकायला लावतो. आणि संसर्ग झाल्यापासून साधारण एक ते आठ आठवड्यांनी येतो. पाचव्या दिवशी नुसत्या शिंका येत असतील तर तासभर धूळ खाल्लेल्या नाकाची ती तक्रार असेल, नाहीतर साधी सर्दी. पत्रावरून मी निदान करत नाही, पण तुमच्या जागी असते तर आज रात्री झोपले असते. कॅलेंडरवर त्या रविवारी एक फुली मात्र मारून ठेवा. ती कशाला, ते पुढे सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. उंदराचा आजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दात येतात. चाव्यातून व्हायरस जाऊ शकतो, पण ते क्वचित. खरी भानगड मुताची आहे. उंदीर आपल्यासारखा एका जागी बसून मुतत नाही. चालता चालता तो बारीक बारीक थेंब सोडत जातो. ही वाट माझी, हा कोपरा माझा, अशी ती त्याची पाटी असते. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे एकानं सांगितलं होतं की उंदराचं वाळलेलं मूत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतं. मी तसला दिवा घरी आणला आणि रात्री अंधार करून माझ्याच कपाटाच्या फळीवर धरला. दिवसा ती फळी स्वच्छ दिसायची. दिव्याखाली भिंतीच्या कडेनं निळसर ठिपक्यांची ओळच्या ओळ उजळली, फळीच्या टोकाला वळली आणि थेट घडी घातलेल्या कपड्यांच्या मागे गेली. त्या घरात उंदीर मलाही कधी दिसला नव्हता.

त्या थेंबांत, लेंड्यांत आणि लाळेत व्हायरस असू शकतो. तो बाळगणारा उंदीर आजारी नसतो, हे लक्षात घ्या. हंताव्हायरस आणि त्याला पोसणारी उंदराची जात यांची ओळख फार जुनी आहे. उंदीर खातो-पितो, पिल्लं घालतो आणि जन्मभर व्हायरस अंगावर वागवतो. एकमेकांशी भांडताना, चावताना तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माणूस त्यांच्या या व्यवहारात कुठेच बसत नाही. आपण मध्ये येतो ते बहुतेक वेळा हातात झाडू घेऊन.

मूत वाळतं, लेंडी वाळून ठिसूळ होते, घरट्यातला कापूस कुरकुरीत होतो. तोवर ते सगळं जमिनीवर गुपचूप पडून असतं. झाडूच्या पहिल्या फटक्यानं त्याचा भुगा हवेत उडतो आणि त्यातले सर्वांत बारीक कण नाकात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. न चावता, न शिवता आजार होतो तो असा. व्हॅक्यूम क्लीनरही त्यातलाच, उलट त्याची मागची फुंकर कण खोलीभर पसरवते. घाणेरड्या हातानं डोळा चोळणं, उंदरानं तुडवलेलं अन्न खाणं, हाताला कापलेलं असताना मेलेला उंदीर उचलणं, हे बाकीचे रस्ते. पण हंताव्हायरसचा हमरस्ता म्हणजे धूळ.

हे एवढं कळायलासुद्धा माणसं मरावी लागली. १९९३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात नाव्हाहो जमातीतला एक धडधाकट तरुण धावपटू धाप लागली म्हणून दवाखान्यात आणला गेला आणि बघता बघता गेला. त्याच्या वाग्दत्त वधूचा मृत्यू काही दिवस आधीच झाला होता, तशीच धाप लागून. शोध घेतल्यावर ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि युटा या चार राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या भागात असेच आणखी तरुण मृत्यू सापडले. फुप्फुसांत पाणी भरून माणसं गुदमरत होती. काही आठवड्यांत रक्ताच्या तपासण्यांनी बोट दाखवलं ते हंताव्हायरसकडे. तोवर हे घराणं आशिया आणि युरोपातलं समजलं जात होतं, आणि तिथे ते फुप्फुसाऐवजी मूत्रपिंडावर घाव घालायचं. मग सापळे लावले. सुमारे १७०० उंदीर-घुशी-खारी पकडल्या आणि त्यांत व्हायरसचा मुख्य धनी निघाला डियर माऊस. पांढऱ्या पोटाचा, टपोऱ्या डोळ्यांचा, दिसायला अगदी गोजिरवाणा.

पण त्याच वर्षी का? दुष्काळानंतर पाऊस आणि बर्फ भरपूर पडला होता. रान माजलं, पाइनच्या बिया मुबलक झाल्या आणि उंदरांची संख्या सुमारे दसपट झाली. उंदीर वाढले, घरांत शिरले, माणसांनी ती घरं झाडली. व्हायरस नवा नव्हता. जुने जपलेले नमुने तपासले तेव्हा १९५९ साली युटात वारलेल्या एका माणसाच्या शरीरातही त्याच्या खुणा मिळाल्या. नाव देताना आपल्या जागेचं नाव आजाराला नको म्हणून स्थानिक लोकांनी विरोध केला. शेवटी स्पॅनिशमध्ये ‘सिन नोम्ब्रे’ म्हणजे ‘निनावी’ असंच नाव पडलं. मला हे नामकरण फार आवडतं.

तुमच्या ट्रंकेशी सर्वांत जवळची गोष्ट २०१२ ची आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात तंबूवजा खोल्यांना ऊब राहावी म्हणून दुहेरी भिंती केल्या होत्या. मधल्या पोकळीत उष्णतारोधक भरण होतं. उंदरांना यापेक्षा चांगलं बाळंतघर कुठे मिळणार! भिंतीच्या आत घरटी, भिंतीच्या बाहेर गाढ झोपलेले पर्यटक. त्या उन्हाळ्यात १० जणांना हंताव्हायरस झाला, त्यातले तिघे दगावले. जवळपास सगळे त्या दुहेरी भिंतींच्या खोल्यांत राहिलेले. त्यांनी उंदीर पकडला नव्हता, मारला नव्हता. नुसते झोपले होते.

हे वाचून तुमची झोप पुन्हा उडू नये म्हणून एक आकडा लगेच सांगते. अमेरिकेत १९९३ पासून २०२२ अखेरपर्यंत, म्हणजे ३० वर्षांत, हंताव्हायरसचे नोंदलेले रुग्ण आहेत ८६४. देश तीस कोटींच्या वरचा, आणि दरवर्षी किती गॅरेज, किती कोठ्या, किती पोटमाळे झाडले जात असतील! आजार दुर्मीळ आहे तो असा. कारण संसर्ग व्हायला बरंच काही एकाच वेळी जुळावं लागतं. उंदराची नेमकी जात हवी. त्या जातीतल्या नेमक्या उंदराच्या अंगात व्हायरस हवा. घाण फार जुनी नको, कारण शरीराबाहेर हा व्हायरस साधारण काही दिवसच तग धरतो आणि उन्हात तर त्याहून लवकर मरतो. जागा कोंदट हवी. आणि त्या धुळीत कुणाचं तरी नाक हवं. सासूबाईंच्या बाबतीत हे सगळं एकदाही जुळून आलं नाही, किंवा आलं असेल तर साध्या तापावर निभावलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही, त्यांचा हिशेब तेवढा अपुरा आहे. नवऱ्याला मात्र हसू नको म्हणावं. सिन नोम्ब्रेनं ज्यांच्या फुप्फुसांवर हल्ला केला, त्यांतले साधारण १०० पैकी ३८ जण वाचत नाहीत.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, आणि इथे तर जागेला फार महत्त्व आहे. डियर माऊस उत्तर अमेरिकेतला. फिनलंडमध्ये व्होल नावाचा आखूड शेपटीचा, रानातला उंदरासारखा प्राणी पूमाला व्हायरस बाळगतो. तिथे उन्हाळी घरं उघडताना, लाकडांचे ढीग हलवताना दरवर्षी एक ते तीन हजार लोकांना तो होतो, पण मरण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. कोरियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या ३००० हून जास्त सैनिकांना रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी करणारा ताप आला. त्याचा उगम कोरियन शास्त्रज्ञ ली हो-वांग यांना पट्टेवाल्या शेतउंदरात सापडला, तोही १९७६ साली, युद्ध संपून वीसेक वर्षं झाल्यावर. हंतान नदीवरून आख्ख्या घराण्याला नाव मिळालं. शहरातल्या गटारी उंदराचा सोल व्हायरस जहाजांबरोबर जगभर पोचलाय, तो तुलनेनं सौम्य. आणि आपल्या घरात सर्रास दिसणारा छोटा, करडा उंदीर सिन नोम्ब्रेचा धनी नाही. त्याच्याकडे वेगळा व्हायरस असतो. तो तुमच्या बहिणीच्या संदर्भात येईल.

उंदरांकडून येणारे सगळेच व्हायरस हंताच्या घराण्यातले नसतात. जेवणातून येणाऱ्यांचा नमुना म्हणजे लासा, वेगळ्या घराण्यातला. १९६९ साली नायजेरियातल्या लासा गावी मिशनरी नर्सना झालेल्या तापावरून तो ओळखला गेला. तिथला मॅस्टोमिस नावाचा उंदीर घरातच राहतो आणि उघड्या धान्यावर, भांड्यांवर फिरतो. बाधितांपैकी ८० टक्क्यांना जेमतेम कणकण येते, पण दवाखान्यात भरती करावं लागलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जातं. बरे झालेल्यांतही काहींना बहिरेपण येतं. लासा रुग्णाच्या रक्तातून, शरीरातल्या द्रवांतून दुसऱ्याला लागतो, म्हणून तिथे नर्स आणि डॉक्टरच आधी सापडतात. अर्जेंटिनात मक्याच्या कापणीला जाणाऱ्या मजुरांना हुनीन व्हायरस व्हायचा, शेतातल्या उंदरांमुळे. त्यावर त्यांनी लसही काढली. शेजारच्या बोलिव्हियात सान होआकिन गावात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच रक्तस्रावी ताप पसरला. गावातली मांजरं मेली होती आणि घरांत उंदरांचं राज्य होतं. सापळे लावून उंदीर संपवले आणि साथ ओसरली. ना औषध, ना लस. ही गोष्ट मी आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना हटकून सांगायचे, कारण त्यांना वाटायचं साथी सूक्ष्मदर्शकाखाली संपतात.

हंताव्हायरस एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो का, ही भीती तुमच्या मनात असणारच. जात नाही, एक अपवाद सोडून. दक्षिण अमेरिकेतला अँडीज व्हायरस तसा पसरतो. २०१८-१९ मध्ये अर्जेंटिनातल्या एपुयेन या छोट्या गावात त्यानं ३४ जणांना गाठलं आणि ११ जण गेले. तुम्ही त्या भागात नसाल तर तुमच्या शिंकांनी घरच्यांना सर्दीपलीकडे काही होणार नाही.

आता बहीण. पत्रातलं मला खरं महत्त्वाचं वाटलं ते हेच, आणि तुम्ही ते जाता जाता शेवटी लिहिलंत. घरातला साधा करडा उंदीर लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस नावाचा व्हायरस बाळगू शकतो. नाव जीभ अडखळवणारं आहे, त्याला एलसीएमव्ही म्हणतात. अमेरिकेतल्या अंदाजाप्रमाणे घरउंदरांपैकी साधारण पाच टक्क्यांत तो असतो. धट्ट्याकट्ट्या माणसाला त्यानं फ्लूसारखा ताप येतो किंवा काहीच होत नाही, कधी मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि बहुतेक जण बरे होतात. पोटातल्या बाळाचं तसं नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत आईला तो झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या मेंदूवर आणि डोळ्यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. तेव्हा ती यायच्या आधी घर उंदीरमुक्त झालं पाहिजे. त्या खोलीच्या, त्या पांघरुणांच्या आसपास तिनं फिरकूसुद्धा नये. ‘जरा हात लावते’ म्हणाली तरी नाही.

आणि हाच व्हायरस हॅम्स्टरमध्येही येतो, व्यापाऱ्याकडे असताना रानटी उंदराचा संसर्ग झाला तर. २००५ साली अमेरिकेत एका मृत दात्याचे अवयव चौघांना बसवले, त्यातले तिघे दगावले. माग काढला तेव्हा दात्याच्या घरी नुकताच आणलेला हॅम्स्टर निघाला, आणि त्याच्यात एलसीएमव्ही. अवयव बसवलेल्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, म्हणून एवढा घात झाला. निरोगी मुलाच्या बाबतीत मी एवढी घाबरणार नाही. पण बहीण घरात असेपर्यंत हॅम्स्टर नको, हे मुलाला सरळ कारण सांगून समजवा. मुलगा पाच वर्षांच्या आतला असेल तर तसाही नकोच, त्या वयात हात तोंडात जातातच. पुढे आणलात तर पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब, आणि हाताळल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं. आणि लांबच्या देशातून आलेला, नाव आधी कधी ऐकलं नाही असा प्राणी ‘वेगळा आहे’ म्हणून मुळीच घेऊ नका. २००३ मध्ये घानाहून अमेरिकेत आणलेले मोठे पिशवीगाल उंदीर एका व्यापाऱ्याकडे प्रेअरी डॉगच्या (नाव कुत्र्याचं, पण प्राणी खारीच्या कुळातला) शेजारी ठेवले. ते प्रेअरी डॉग पाळायला विकले गेले आणि ४७ जणांना एमपॉक्स, म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स, झाला. सुदैवानं कुणी दगावलं नाही.

खोलीतलं उरलेलं काम असं करा. दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर जा. रबरी हातमोजे घाला. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. लेंड्या, घरटी, डाग यांवर हे पाणी चिंब होईतो मारा आणि पाच मिनिटं हात लावू नका. या व्हायरसांच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. साबणानं, ब्लीचनं ते फाटतं आणि व्हायरस निकामी होतो. शिवाय ओली घाण उडत नाही. मग कागदानं टिपून पिशवीत बांधा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा. मोजे घातलेलेच हात धुवा, मग मोजे काढा आणि पुन्हा हात धुवा. घाण फार असेल तर एन-९५ मास्क लावा, साधा कापडी मास्क त्या बारीक कणांना अडवत नाही. पांघरुणं न झटकता उचला आणि गरम पाण्यात साबणानं धुवा. झटकणं म्हणजे पुन्हा झाडणंच. भिंतीतली भोकं बुजवा. पेन्सिल शिरेल एवढ्या, जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो, म्हणून स्टीलच्या तारेचा बोळा कोंबून वरून लिंपा.

कॅलेंडरवरची फुली आता. तिथून आठ आठवडे मोजा. या काळात ताप आला, मांड्या-पाठ ठणकायला लागली, तर डॉक्टरकडे जा आणि दारातच सांगा की ‘अमुक तारखेला मी उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडल्या होत्या.’ हे वाक्य तुम्ही म्हटलं नाही तर ते कुणालाही सुचणार नाही, कारण सुरुवातीला हा आजार हुबेहूब फ्लूसारखा असतो. खोकला आणि धाप चार ते दहा दिवसांनी येते. धाप लागली तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, आहात तशा मोठ्या दवाखान्यात जायचं. त्याच्यावर खास औषध नाही, पण अतिदक्षता विभागात वेळेत पोचलेला माणूस वाचण्याची शक्यता बरीच वाढते. आज, काही होत नसताना, रक्त तपासून घेण्यात अर्थ नाही.

आणि हो, तो झाडू कुठे ठेवलात? पत्रात त्याचा पत्ता नाही. बहुतेक स्वयंपाकघराच्या दाराआड उभा असेल, लेंड्यांचा भुगा केसांत धरून, आणि उद्या सकाळी कुणीतरी त्यानंच घर झाडेल. आपटून साफ करू नका. प्लास्टिकचा असेल तर मोजे घालून सावकाश बाहेर न्या, ब्लीचच्या बादलीत उलटा बुडवा, मग उन्हात वाळवा. गवताचा असेल तर तिथेच भिजवा आणि पिशवीत बांधून टाकून द्या.

तुमची ताई